आंबीच्या रस्त्याचे धक्के

डोळे गेल्यापासून आबांना रस्ता बुडाखालून कळायचा. काचबिंदूनं नजर नेली, तरी रविवारी आपल्या जुन्या फियाटमधून आंबी गावाभोवती चक्कर मारायची हौस काही गेली नाही. मी, त्यांची नात, गाडी चालवायची आणि शेजारी बसून ते सांगत सुटायचे, "ही ओढ्यावरची मोरी. ह्यो सरूबाईच्या दारातला गतिरोधक, भांडून बसवून घेतलाय बाईनं." एकदाही चुकले नाहीत. मला तर रागच यायचा. डोळे माझे शाबूत, आणि उपयोग काडीचा नाही.

मग त्यांच्या कमरेचा मणका सरकला. डॉक्टरांनी धक्के बंद केले, म्हणजे फियाटही बंद. आबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. ओट्यावर बसून एकच धोशा, "माधवे, एकदा तरी हिंडवून आण."

शेवटी गाडी लोणावळ्याला अल्लाउद्दीनचाचांच्या गॅरेजात नेली. त्यांनी मडगार्ड दाबून सोडलं, तर गाडी डुलतच राहिली.

"शॉकअपमधलं तेल कधीच गळून गेलंय, बेटा. आबांची कंबर इतके दिवस टिकली हेच नवल."

एवढ्या जुन्या गाडीचे शॉकअप मिळणार कुठून? चाचांनी दुसऱ्या गाडीचे आणून, पकडी नव्यानं करून बसवले आणि तोवर माझी भरपूर बोलणी खाल्ली.

रविवारी आबा टोपी घालून बसले. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी निघाली. मी खुशीत, आबा गप्प.

"मोरी आली का गं?"

"मागंच गेली, आबा."

"मला कशी न्हाई कळली?"

त्यांचा हात दार चाचपडत होता. कंबर वाचवायला निघाले होते मी, आणि त्यांचं उरलंसुरलं गावच काढून घेतलं.

"आपलं शेत आलं का?"

डोळे गेले त्याच वर्षी शेत कंपनीला गेलं होतं. सही आबांनीच केली होती. पूर्वी बांधाजवळचा खड्डा लागला की ते गप्प व्हायचे, विचारायचे मात्र कधीच नाहीत.

"आलं," मी म्हणाले. डाव्या हाताला कंपनीची निळ्या पत्र्याची शेड होती.

"काय दिसतंय?"

"इंद्रायणी भात, आबा. लोंब्या वाकल्यात."

ते काचेकडे वळले.

"वास न्हाई येत."

"काच वर आहे ना."

त्यांनी काच खाली करायची मूठ चाचपून धरली. आता फिरवतील आणि कंपनीचा वास आत येईल, म्हणून मी श्वास रोखला. पण मूठ त्यांनी फिरवली नाही.

"ऱ्हाऊ दे वर," आबा म्हणाले. "गाडी जरा हळू घे."