दोन बोटं सैल

"पॅन्ट नेमकी कुठे बांधता, काका?" नर्सने विचारले आणि आमचे मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. बत्तीस वर्षे कपडे शिवताना हा प्रश्न त्यांनी लोकांना विचारला होता. त्यांना कोणी विचारायची ही पहिलीच वेळ.

त्यांनी बेंबीखाली बोट ठेवले. नर्सने त्यांना उभे केले, बसवले, वाकायला लावले आणि पोटावर डाव्या बाजूला काळ्या पेनने एक गोल काढला. "पिशवी इथे येईल. सोमवारपर्यंत पुसू नका हं."

"आम्ही खडूनं खूण करतो," मास्तर म्हणाले. "झटकली की जाते."

नर्स हसली. मला हसू आले नाही.

डॉक्टरांनी काहीच लपवले नव्हते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतापर्यंत पसरलेला. मुळापासून जाणार नाही. पण आतड्याची वाट बंद होत आली होती. ऑपरेशन करून शौचासाठी पोटावर पिशवी लावली, तर पुढची औषधे सुरू करता येतील, वर्ष-दोन वर्षे हाताशी लागतील. नाही केले, तर कधी तुंबेल याचा नेम नाही.

दुकानाचे कुलूप उघडता उघडता मास्तर म्हणाले, "मी सोमवारी जाणार नाही."

"काय बोलताय काय!"

"जन्मभर लोकांच्या कमरेशी बसून मापं घेतली. आता पोटावर स्वतःची घाण बांधून बसू? वास आला तर? गिऱ्हाईक उभं तरी राहील का?"

"आणि मी? माझं काय?"

ते मशीनवर बसले आणि पाय मारू लागले. उत्तर द्यायचे नसले की या माणसाचे मशीन चालते, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळले होते. असा संताप आला, की कात्री घेऊन तो दोरा कापून टाकावा.

हाताला काहीतरी काम हवे म्हणून मी मापांची वही ओढली. मास्तर टेप लावून मोठ्याने सांगतात, मी लिहिते. मोठ्यांची मापे पेनने. मुलांची पेन्सिलने, कारण ती सारखी बदलतात, खोडायला बरी. दुसऱ्या दिवशी ट्रायलला आमचे जुने गिऱ्हाईक लायब्ररीवाले येणार होते, त्यांचे पान काढले. 'कमर अडतीस. डावीकडे पुढे दोन बोटं सैल, चुणी जास्त.' सहा वर्षे प्रत्येक पॅन्टला हेच. माप देताना कमरेची टेपही ते स्वतःच धरायचे. "चांगल्या कापडाची वाट लावतो हा माणूस," म्हणून मास्तर कुरकुरत शिवायचे. पाठीमागे आम्ही त्यांचे आडनावच ठेवले होते, दोनबोटे. त्या सैल जागेत काय खजिना दडवतात, म्हणून हसायचोसुद्धा.

मी मान वर केली. मास्तरांचा शर्ट वर सरकला होता आणि तो काळा गोल दिसत होता. डावीकडे, पुढे.

मी वही मिटली. आम्ही हसलो होतो, याची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीवाले आले. माझा अंदाज चुकला असता तर जुने गिऱ्हाईक तुटले असते, वर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण सोमवार दोन दिवसांवर होता. पॅन्ट त्यांच्या हातात देत मी बोलून टाकले, "मास्तरांना आतड्याचं ऑपरेशन सांगितलंय. पोटावर पिशवी लागणार आहे. ते नको म्हणतायत."

"अगं, गप्प बस!" मास्तर ओरडले. "चारचौघांत..."

"चारचौघं कुठं आहेत? हे एकटेच तर आहेत."

लायब्ररीवाल्यांनी माझ्याकडे बघितले. मग चष्मा काढून पुसला, नीट डोळ्यांवर चढवला आणि ट्रायल रूमचा पडदा बाजूला केला. "मास्तर, आत या जरा. फिटिंग बघायचंय."

पडद्याखाली चार पावले दिसत होती. आत पट्ट्याचे बक्कल वाजले. मग मास्तरांचा आवाज आला, अगदी लहान. "वास?"

"सहा वर्षं तुम्ही माझ्या कमरेशी गुडघ्यावर बसताय. तुम्हाला कधी आला?"

मास्तर रडले. बत्तीस वर्षांत मी ते ऐकले नव्हते. मीही इस्त्रीच्या टेबलाला धरून रडून घेतले.

"माझं दुखणं निभावलं," लायब्ररीवाले आत सांगत होते. "तुमचं जड आहे, खोटा धीर देणार नाही. पण पहिला महिना मी रोज येईन. बदलायची कशी, दाखवतो. वहिनींनाही शिकवतो. आम्ही सातआठ जण महिन्यातून एकदा भेटतो, तिथेही चला."

जाताना ते दारात थांबले. "आणि वहिनी, दोनबोटे हे नाव चांगलं आहे हो. मला केव्हापासून माहीत आहे."

मला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. मास्तर मात्र हसले.

ते गेल्यावर मास्तर आरशासमोर उभे राहिले. गळ्यातली टेप काढून स्वतःच्या कमरेभोवती घेतली. एक बोट आत घालून बघितले.

"वही घे. दवाखान्यातून घरी येईन तेव्हा घालायला लागेल."

मी नवे पान उघडले.

"कमर चौतीस. डावीकडे पुढे दोन बोटं सैल, चुणी जास्त." मी लिहायला लागले तसे ते आरशातूनच म्हणाले, "पेन नको. पेन्सिल घे."

मी खणातून पेन्सिल काढली, टोक केले आणि लिहिले.