उत्तरेचा उतार

तीन दिवस बर्फ पडून चौथ्या सकाळी उघडलं, तेव्हा कॅनडातल्या सेलकर्क डोंगरातल्या त्या लाकडी लॉजमधले, स्कीइंगला आलेले सहाही पाहुणे खिडकीला चिकटले होते. समोर उत्तरेचा उतार, पिठासारखा भुसभुशीत, कुणाचा माग नसलेला. आर्डिथ चुलीजवळ बसून गुडघ्याला पट्टा बांधत होती. वाटाडी म्हणून तिचा हा एकतिसावा हिवाळा.

बर्फाचे थर किती घट्ट बसलेत ते पाहायला उताराच्या कडेला जाऊन तिने खड्डा खणला. वर फावडं ठेवून तीनदा थोपटलं, तर वरचा सगळा थर अलगद सरकून तिच्या पायांशी आला. परत येऊन तिने सांगितलं, उतार कधीही कोसळेल, आज तिकडे जायचं नाही.

पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या डोरन्सला ते पटेना. अकरा हिवाळे तो येत होता. आता हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती, आणि यंदाचं स्कीइंग शेवटचं असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याला हाच उतार हवा होता.

"तुम्ही थकलात बाई," तो म्हणाला. "उताराला कशाला बोल लावता?"

"थकलेय," ती म्हणाली. "तुम्हाला उकरून काढायचं बळ माझ्यात उरलेलं नाही."

नऊ वर्षांपूर्वी तिने आपल्या जोडीदार वाटाड्याला, पेत्रला, कोसळलेल्या बर्फाखालून उकरून काढलं होतं. चाळीस मिनिटं लागली होती; तोवर तो गेला होता. डोरन्सला ते माहीत होतं. तो बूट चढवू लागला.

ती त्यांना खालच्या जंगलात घेऊन गेली. पुढे राहून कमरेइतक्या बर्फात वाट पाडणं तिचंच काम. चढाच्या माथ्यावर पोचल्यावर तिने गुडघ्याचा पट्टा पुन्हा आवळला. डोरन्स देवदारांमधून हळूहळू उतरला. प्रत्येक वळणाला बर्फ त्याच्या छातीवरून, तोंडावरून उसळत होतं. आवाज कसलाच नव्हता. खाली येऊन त्याने बर्फाने पांढरी झालेली दाढी झटकली. मग म्हणाला, "पुन्हा जाऊया?" चारदा चढले, चारदा उतरले.

शनिवारी पाहुण्यांना न्यायला हेलिकॉप्टर आलं. उत्तरेचा उतार तसाच होता, अखंड.

"नाही कोसळला," डोरन्स म्हणाला. यावेळी टोमणा नव्हता.

"नाही कोसळला."

त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला, जंगल फार छान होतं म्हणाला आणि चढून बसला.

आत स्वयंपाकी मार्सियलने तिच्यापुढे वाटाण्याचं सूप ठेवलं. म्हातारा रागावून गेला का, असं त्याने विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"मी किती वेळा नाही म्हटलं असेल, मार्सियल. त्यातलं बरोबर किती होतं, कधी कळलंच नाही. पेत्रच्या वेळी हो म्हटलं ते चुकलं, तेवढं कळलं."

 मार्सियलने पाव तिच्याकडे सरकवला. सूप संपवून ती बाकावरच आडवी झाली. नवे पाहुणे यायला अजून दीड तास होता.