निम्मी-निम्मी कॉट

मांडवगणच्या जॉयसला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, हे गावाला कळायला वीस मिनिटं लागली. पगार कळायला पाच. चौतीस हजार! शिरूरच्या अठरा खाटांच्या दवाखान्यात ती चार वर्षं अकरा हजारांवर राबत होती. वरचे तेवीस हजार आम्ही चहा संपायच्या आत तिच्या वतीनं खर्चूनही टाकले. कुणी तिच्या वडलांना, सत्यवानला, गाडी घेऊन दिली. कुणी तिचं लग्न उरकलं.

मुंबईत राहायला किती लागतात, हे मात्र कुणी विचारलं नाही.

तिची दौंडची मैत्रीण मोनाली तिथं दोन वर्षं नर्स होती. तिनं सोय लावली होती : एका खोलीत चौघी, कॉट बेसिसवर. म्हणजे भाडं खोलीचं नाही, खाटेचं. महिन्याला साडेनऊ हजार, डिपॉझिट चाळीस हजार. दलाली आणि पहिल्या महिन्याच्या भाड्यातच जॉयसची शिल्लक संपली. घरावर नुकताच नवा स्लॅब टाकलेला. सत्यवानचा खिसा झटकला असता तर सिमेंटच उडालं असतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत चाळीस पोचले नाहीत, तर कॉट दुसरीला जाणार होती. आणि कॉट नाही तर सोमवारची ड्यूटी कशी करायची? मांडवगणहून अप-डाउन?

इकडं गुरुवारी सकाळी स्टँडवर फ्लेक्स लागला. सरपंच पोपटराव हात जोडून उभे, शेजारी जॉयस : ‘गावची कन्या मुंबईत रुजू’. निवडणूक चार महिन्यांवर होती. दुपारी समोरच माजी सरपंच भिमाजीआप्पांचा फ्लेक्स लागला, पाच फूट जास्त लांब. त्यावर जॉयस ‘मेट्रन’ झाली होती. शुक्रवारी सकाळी पोपटरावांनी दुसरा लावला, आणि त्यावर ती ‘डॉ. जॉयस’ झाली.

जॉयस फ्लेक्सखाली हसता हसता खालीच बसली. “मम्मी, आणखी दोन दिस थांबले तर मी हॉस्पिटलची मालकीण व्हईन!”

“हसू नगं,” प्रेमाबाई म्हणाल्या. “चाळीस हजार कुठनं आणायचं?”

जॉयसनं तिन्ही फ्लेक्स नजरेनं मोजले. “साडेपाच हजारांचा माल हाय वर. माझ्या कॉटचा अर्धा पाय तिथं लटकतोय.” मग ती उठली, ओढणी झटकली आणि थेट पोपटरावांच्या ओट्यावर गेली.

“मामा, फ्लेक्स काढून घ्या.”

“का गं? फोटू बारका आला व्हय?”

“मी जात न्हाई. डिपॉझिटला पैसं न्हाईत. सोमवारी शिरूरलाच सलाइन लावत बसणार. आन् तुम्ही तर ‘रुजू’ छापून बसलाय.”

पोपटरावांची बशी ओठाशी थांबली. “भिमाजीला कळलं का हे?”

“आता तिकडंच चाललेय. त्यांचा पण काढायचाय.”

“बस खाली! किती पायजेत?”

“चाळीस. पण सगळे तुमचे घेणार न्हाई. मम्मी म्हणती, एकाचेच घेतले तर घरातली पाच मतं त्याचीच झाली. निम्मे तुमचे, निम्मे आप्पांचे. ते बी उसने. दोघांना म्हैन्याला दोन-दोन हजार फेडीन.”

आत चहा गाळत असलेल्या साखरबाईंनी नवऱ्याला तिथूनच हाणलं, “द्या की! इतक्या जणांना शाली घातल्या, कुणी परत आणून दिली का? ही तर फेडते म्हणती.”

आप्पांकडं तीच कहाणी, नावं तेवढी उलटी. पण आप्पा ते आप्पा.

“पोपटनं वीस दिले? मग माझे एकवीस.”

“आप्पा, एक हजार जास्त व्हतात. परत द्यायला यावं लागंल.”

“ये की! येताना चौकातनं ये, चार लोकांना सांगत ये.”

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मोनालीचा फोन आला. “पोचले गं! कॉट तुझी!” जॉयसनं मारलेली किंकाळी ऐकून शेजारची कोंबडी खुराड्यावर चढली. प्रेमाबाईंनी डोळे मिटून प्रभूचे आभार मानले आणि डोळे उघडल्या उघडल्या विचारलं, “खिडकीकडची का दाराकडची?”

रविवारी दौंडला जाणाऱ्या जीपपाशी अख्खी आळी लोटली. दोन्ही सावकार दोन बाजूंना उभे.

“झालं, मुंबईत आपली बी जागा झाली,” पोपटराव म्हणाले. “दिवाळी झाली की गुडघा दाखवाया येतो. मुक्काम तुझ्याकडंच.”

“आधी माझा मोतीबिंदू,” आप्पा म्हणाले. “माझी जागा एकवीस हजारांची हाय.”

“अवो, कॉट तीन फूट रुंद!” जॉयस म्हणाली. “निम्मी तुमची, निम्मी आप्पांची. मग मी कुठं झोपू?”

“तू नाइट ड्यूटी लावून घे,” साखरबाई म्हणाल्या, आणि जीपचा ड्रायव्हरसुद्धा स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला.

जीप हलली. जॉयसनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. “मामा, आप्पा, खुशाल या! फकस्त आधी दोघं मिळून एका कॉटवर झोपून दाखवा!”

धुरळा बसला. पोपटराव आप्पांकडं बघत होते, आप्पा पोपटरावांकडं. बाकीच्यांना वाटलं, आता भांडण लागणार. मी जरा जवळ होतो, म्हणून मला नीट दिसलं : दोघंही समोरच्याची रुंदी मोजत होते.