तीन कार्डांची एक फ्लॉपी

सिंदी रेल्वेच्या बाजारात ताराचंदांकडून सरकी विकत घेणं सोपं होतं. ताराचंदांना सरकी विकणं मात्र येरागबाळ्याचं काम नव्हतं. ते पोत्याची शिवण चाकूने उसवत, बाही वर सारत, कोपरापर्यंत हात आत घालून तळची मूठ बाहेर काढत आणि मगच भावाचं बोलत. "वरची सरकी दाखवाले असते, पोटातली विकाले," असं ते म्हणत, आणि समोरचा व्यापारी कितीही ओळखीचा असला तरी त्याचं पोतं उसवल्याशिवाय राहत नसत.

असा हा माणूस २००१ च्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका लिलावातून दहा जुने कम्प्युटर उचलून आला, आणि एकाच्याही पोटात हात न घालता आला. मुलीने मागितले होते ना! रक्षा त्यांची एकुलती एक. दोन वर्षं रोज रेल्वेने वर्ध्याला जाऊन तिने कम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. तोंडाने फटकळ, हाताने त्याहून चलाख. दुकानाच्या माडीवर तिला शासनमान्य कम्प्युटर क्लास काढायचा होता, म्हणजे सिंदीच्या पोरापोरींना त्यासाठी गाडी धरून वर्ध्याला जायला नको.

माल घरी आला आणि रक्षाने पहिल्याच दिवशी दहाही पेट्या खोलल्या. एकातही हार्ड डिस्क नव्हती. लिलावाआधी त्या ऑफिसवाल्यांनी काढून घेतल्या होत्या. सीडी घालायची सोय तर इतक्या जुन्या मशीनला नव्हतीच. ताराचंद दोन दिवस लिलावाची पावती उलगडत आणि पुन्हा घडी घालत बसले.

रक्षा मात्र हसत होती. "बाबूजी, तोंड काऊन पाडून राह्यले? डोकं नसलं तर नसलं, ह्याइले कान हायेत."

कान म्हणजे नेटवर्क कार्ड. प्रत्येक पेटीत मागच्या बाजूला वीतभर हिरवी पट्टी बसवलेली होती. तिच्यात केबल खुपसली की एक मशीन दुसऱ्याशी बोलू शकत असे. रक्षाचा बेत साधा होता. एक नवा, मोठा कम्प्युटर कोपऱ्यात ठेवायचा आणि सगळे प्रोग्राम त्याच्यात भरायचे. या दहा जणांनी सकाळी फ्लॉपीवर जागं व्हायचं, केबलमधून मोठ्याला हाक मारायची आणि दिवसभर त्याच्याच जिवावर जगायचं. एकत्र कुटुंबात चालतं तसंच.

अडचण एवढीच की कार्ड आपसूक बोलत नाही. त्याचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला बोलतं करणारा छोटासा प्रोग्राम, फ्लॉपीवर असावा लागतो. आणि दहा पेट्यांत कार्डं निघाली तीन जातींची. सहा पेट्यांत एक, तिघींत दुसरं, एकीत तिसरंच. रक्षाने त्यांना अ, ब आणि क अशी नावं दिली, तीन वेगवेगळ्या फ्लॉप्या तयार केल्या आणि कोणत्या पेटीला कोणती लागते ते झाकणावर जाड स्केचपेनने लिहून टाकलं. ताराचंद जिन्यात उभे राहून हे पाहत होते. पोरगी पोटात हात घालते, हे त्यांना मनापासून आवडलं. कौतुक तोंडावर करण्याची त्या घरात रीत नव्हती.

मान्यता देण्याआधी तपासणी होणार होती. नियम असा की तपासणीच्या वेळी किमान दहा कम्प्युटर चालू दिसले पाहिजेत. नऊ दिसले तर परत अर्ज, परत एक वर्ष. आणि वर्षभर माडी रिकामी ठेवणं ताराचंदांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मान्यता भेटली तर माडी तुही. नाई भेटली तर दसऱ्यानंतर सरकी चढवतो वर. मंग क्लासचं नाव काढू नोको." बोलल्याप्रमाणे चाळीस पोती जिन्याखाली येऊन पडलीही होती. रक्षा जाता-येता त्या पोत्यांना लाथ मारत असे. तिच्या वहीत एकतीस पोरापोरींची नावं लिहिलेली होती, आणि ती नावं खोडायला तिचा हात धजणार नव्हता.

तपासणी दसऱ्याआधीच्या बुधवारी ठरली. मंगळवारी सकाळी रक्षा कमी पडलेली केबल आणायला वर्ध्याला गेली, आणि ताराचंदांच्या डोक्यात प्रेम उसळलं.

त्या पेट्या तशा कळकटच होत्या. पिवळ्या पडलेल्या, ओरखडलेल्या, वर पोरीने स्केचपेनने काहीबाही खरडलेलं. उद्या साहेब येणार. मुलीला पाहायला येणार असतील तर आपण घराला रंग देतो की नाही? ताराचंदांनी श्रावणला बोलावलं. श्रावण म्हणजे गावचा पेंटर. दुकानाच्या पाट्या, देवळाचा कळस आणि पोळ्याला बैलांची शिंगं, सगळं त्याच्याच हातचं. त्याने दहाही झाकणं काढून गच्चीवर मांडली, मोतिया रंगाचा एक हात मारला, पेट्यांच्या आतली धूळ कोरड्या ब्रशने झटकली, झाकणं परत बसवली आणि फटी दिसू नयेत म्हणून स्क्रूंसकट वरून दुसरा हात मारून दिला.

रक्षा पाचच्या गाडीने परतली आणि माडीच्या दारात थिजली. दहा पेट्या शिंगं रंगवलेल्या बैलांसारख्या झळकत होत्या. झाकणावरचं एकही अक्षर शिल्लक नव्हतं.

"कोनतं झाकन कोनत्या पेटीवर बसवलं?" तिने विचारलं.

"सगळे सारखेच तं हायेत," श्रावण खुशीत म्हणाला. "एका झाकनाले स्क्रू कमी पडला व्हता, पन म्या केलं बराबर. सकाळपर्यंत बोट लावजो नोको, ताई. दुसरा हात वला हाये."

रक्षाला इतका राग आला की तिला रडू फुटलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! ती वळून वडिलांवर बरसणारच होती. पण ताराचंद जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते, आणि त्यांचा चेहरा पोळ्याच्या दिवशी बैल सजवून उभ्या असलेल्या माणसाचा होता. "कशे दिसून राह्यले? आता कोनी म्हनन का, ताराचंदच्या पोरीचा माल जुना हाये म्हनून?"

तिने डोळे पुसले. "चांगले दिसतात, बाबूजी. पन काम वाढवून ठेवलं तुमी माहं."

आता हिशेब असा होता. रंग ओला, म्हणून सकाळपर्यंत पेट्या खोलायच्या नाहीत की चालवून पाहायच्या नाहीत. वाळल्यावर खोलायच्या, तर रंग खरवडून बाबूजींचा सगळा थाटच मोडायचा. सकाळी सहापासून साडेदहापर्यंत लोडशेडिंग. अकराला तपासणीचे साहेब हजर. त्यांच्यासमोर प्रत्येक पेटीत तीन-तीन फ्लॉप्या घालून "ही चालते का पाहतो, ती चालते का पाहतो" करत बसलं, तर ते मान्यता देतील की घरी बसवतील?

रक्षा मोठ्या कम्प्युटरसमोर बसली. त्याला रंग लागला नव्हता, हे नशीब. पेट्या ओळखता येत नाहीत ना? मग ओळखायचं काम फ्लॉपीनेच करावं. एकाच फ्लॉपीवर तिन्ही ड्रायव्हर घालायचे. फ्लॉपी पहिल्याच्या नावाने हाक मारेल. ओ आली तर ठीक, नाही आली तर दुसऱ्याच्या नावाने, मग तिसऱ्याच्या.

पण फ्लॉपी म्हणजे काही कोठार नाही. एक ड्रायव्हर तिच्यावर जेमतेम मावत होता. रक्षाने एकेक फाइल उघडून पाहिली आणि विचारलं, तुझ्याशिवाय मशीन जागं होतं का? होत असेल तर नीघ. मदतीची पानं गेली. माउसचा प्रोग्राम गेला, तो मोठ्याकडून मागून घेता येणार होता. फ्लॉपी कोरी करण्याचा प्रोग्राम गेला. अखेर तिन्ही ड्रायव्हर दाटीवाटीने बसले.

मग हाकांचा क्रम. तिथेच खरी मेख होती. ब चा ड्रायव्हर महाहट्टी. आपलं कार्ड सापडलं नाही तर अ आणि क निमूट बाजूला होत, पण ब अख्खं मशीन जागच्या जागी गोठवून टाकत असे. त्याला मधे ठेवलं असतं तर क वाली पेटी उठलीच नसती. रक्षाने त्याला शेवटी टाकलं. आधी अ, मग क. दोघांनीही ओ दिली नाही तर पेटीत ब असलाच पाहिजे, आणि त्याचं कार्ड समोर असताना ब रुसणार कशाला?

तिने एकसारख्या दहा प्रती काढल्या आणि जेवायला खाली आली. आईने, शोभाबाईंनी, ताट वाढता वाढता विचारलं, "चालवून पायलं का?"

"चालवाले कुठं? मोठ्याचं कार्ड येगळंच हाये."

"मंग चालन कशावरून?"

"मी बनवलं म्हनून," रक्षा म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. ही बढाई नव्हती. क्रम तिने तीनदा तपासला होता.

बुधवारी साडेदहाला वीज आली आणि अकराच्या आधीच लक्ष्मणराव आले. तपासणी अधिकारी, वय पन्नाशीचं, हातात छापील फॉर्म, चेहऱ्यावर काही नाही. त्यांच्यामागून ताराचंद आले आणि दाराशी उभे राहिले. दुकानातला हमाल रूपरावही पोती तशीच टाकून वर आला होता.

"दहा आहेत ना? सुरू करा," लक्ष्मणराव म्हणाले. "सगळ्यांना एकच फ्लॉपी?"

"एकच, सर. कोणतीही उचला, कोणत्याही पेटीत घाला."

लक्ष्मणरावांनी खरोखरच फ्लॉप्या पत्त्यांसारख्या पिसल्या आणि स्वतःच्या हाताने एकेका पेटीत सरकवल्या. फ्लॉपी घरघरली, पडद्यावर अक्षरं सरकली. पहिलं मशीन अ ला ओ देऊन मोठ्याशी जोडलं गेलं. दुसरं, तिसरं, तेही अ. चौथं अ ला बोललं नाही, क ला बोललं नाही, ब शी गप्पा मारायला लागलं. रक्षाने सोडलेला श्वास दारापर्यंत ऐकू आला. सहावं निघालं क. लक्ष्मणराव प्रत्येक वेळी फॉर्मवर एक टिंब देत होते. नऊ टिंबं झाली.

दहावं मशीन ब पर्यंत आलं आणि गोठलं.

लक्ष्मणरावांनी वाट पाहिली. कळा दाबून पाहिल्या. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. परत तिथेच. "नऊ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच जास्त लागलं. "नियम दहाचा आहे, ताई. फ्लॉपीत काहीतरी राहिलंय तुमच्या."

दाराशी रूपराव पुटपुटला, "चढवा लागन मंग सरकी."

रक्षाचे कान तापले, पण डोकं जागेवर होतं. "फ्लॉपी बरोबर आहे, सर. दहा पेट्या मी उन्हाळ्यात स्वतः खोलल्यात. अ, ब नाहीतर क, चौथी जातच नाही. तिघांना हाक मारून झाली आणि एकाचीही ओ आली नाही. म्हणजे घरात कोणी नाहीच. या पेटीतलं कार्ड जागेवर नाही."

"खोलून दाखवा."

तिने पेटी वळवली. स्क्रूंच्या खाचा रंगाने बुजल्या होत्या. झाकण आणि पेटी मिळून एकच मोतिया ठोकळा झाला होता. तिने स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो घसरला. लक्ष्मणरावांनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात ताराचंद पुढे आले. त्यांनी कमरेचा पोती उसवायचा चाकू काढला. कालच्या त्या चकचकीत झाकणाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि पातं सरळ फटीत घातलं. रंगाची सालं निघाली, झाकणावर हातभर ओरखडा उठला. खाचा कोरल्या, तीन स्क्रू काढले, चौथा काढला आणि झाकण उचललं. मग बाही वर सारली.

"आता तू पाय, बेटा," ते मागे सरत म्हणाले. "पोटातलं तुलेच समजते."

हिरवं कार्ड खाचेतून निसटून एका अंगावर कललं होतं. त्याला धरून ठेवणारा एकुलता एक स्क्रू गायब होता. रक्षाने ताराचंदांच्या तळहातावरच्या स्क्रूंकडे पाहिलं. तीन लांब, एक बुटका. श्रावणला झाकणासाठी स्क्रू कमी पडला होता तो असा भरून निघाला होता.

तिने बुटका उचलला, कार्ड दाबून बसवलं आणि स्क्रू आवळला. केबल खुपसली. फ्लॉपी घरघरली. अ गप्प. क गप्प. ब ने ओ दिली, आणि मोठ्या कम्प्युटरच्या पडद्यावर दहावं नाव उमटलं.

लक्ष्मणरावांनी दहावं टिंब दिलं. सही केली, शिक्का मारला. मग फॉर्म पिशवीत घालता घालता जरा घुटमळले. "आमच्या ऑफिसात अशीच सहा पडून आहेत. कोणाला सुरू करता आली नाहीत. ही फ्लॉपी चालेल का त्यांना?"

"कार्डं कोणती आहेत त्यात?"

"बाहेरून तर सारखीच दिसतात."

रक्षा काही बोलण्याआधी ताराचंद म्हणाले, "बाहेरून नोका पाहू, सायेब. मी पायलं व्हतं." आणि जरा थांबून, रक्षाकडे न पाहता, "चुकलंच माह्यं."

हा शब्द त्या तोंडून तिने आजवर ऐकला नव्हता. ती उगाचच दहाव्या पेटीचं झाकण लावत बसली.

लक्ष्मणराव जिना उतरून गेले. त्यांच्यामागून ताराचंदांचा नेहमीचा दुकानातला आवाज खालून आला. "रूपराव! जिन्याखालचे पोते उचल सारे, गोदामात नेऊन टाक."

"आन् तिथं काय ठेवता, मालक?"

"काई नाई ठेवत. पोरं चपला काढतीन तिथं."