खिशातली वाट

तंबूसमोर सिस्टरचं भाषण सुरू झालं तेव्हा ऊन कोवळं होतं, संपत आलं तेव्हा चांगलंच तापलं होतं. बुटांच्या नाड्या, पाण्याच्या बाटल्या, अनोळखी फळं, शेवाळलेले दगड, कशालाच तिनं सूट दिली नाही. ती हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स. नामांकित सर्जनही तिच्यापुढे हूं की चूं करत नाहीत, तिथं नवरा आणि मुलगी म्हणजे किस झाड की पत्ती! नवरा तर घरातही तिला सिस्टरच म्हणायचा.

"आई, एक सांगू? वाटेत मी ना..." भिंगरी म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस. सुरक्षिततेचं चाललंय."

भिंगरी ही त्यांची एकुलती एक. क्षणभर एका जागी ठरायची नाही, म्हणून हे नाव पडलं. पुढच्या महिन्यात तिला गिर्यारोहणाच्या शिबिराला जायचं होतं, तेही एकटीनं. सिस्टरला ते मुळीच नको होतं. सरळ नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून तिनं अट घातली होती: आधी तिघं डोंगरात जाऊ, वाट तू दाखवायचीस. न चुकता परत आणलंस तर शिबिर, नाहीतर विषय बंद.

"चला आता," तिचा नवरा मास्तर म्हणाला. त्याचं शिवणकामाचं दुकान होतं, दिवसभर मशीनवर बसून पोट सुटलेलं. "नाहीतर ऐकूनच दमायचो आपण."

पुढे भिंगरी, मध्ये धापा टाकत मास्तर, शेवटी सिस्टर. शेवटी चालणाऱ्याची जबाबदारी मोठी, हे तिनंच भाषणात सांगितलं होतं. वाट इतकी वळणांची की भिंगरीचा बहुतेक वेळा नुसता आवाजच यायचा. आणि झुडपांवर जागोजागी लाल चिंध्या! सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. काय एकेक लोक असतात, डोंगरात यायचं आणि घाण करून जायचं. पेशंटचं पोट शिवण्याआधी आत गेलेला प्रत्येक बोळा बाहेर आलाय ना, हे बघण्यात तिची हयात गेली होती. मागे राहिलेलं काही तिला बघवायचंच नाही. एकेक चिंधी सोडवायची, घडी घालायची आणि खिशात टाकायची, असं तिचं चाललं होतं. एक तर काटेरी झुडपात अडकली होती. बोट ओरबाडलं, पण सिस्टरनं ती ओढून काढलीच.

वर पोचल्यावर तिघांनी डबा खाल्ला, वारा खाल्ला, मास्तरनं एक डुलकीही काढली. उतरताना मात्र दाट झुडपांत तीन वाटा फुटल्या आणि भिंगरी थबकली.

"इथंच बांधली होती मी."

"काय बांधली होतीस?" सिस्टरनं विचारलं.

"खूण! बाबांच्या दुकानातल्या अस्तराच्या पट्ट्या. लाल. सकाळी तेच तर सांगत होते."

सिस्टरचा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला.

"गाठ सुटली असेल," मास्तर म्हणाला.

"शिंप्याच्या मुलीची गाठ सुटते होय?" भिंगरी म्हणाली खरी, पण चेहरा उतरला होता.

आयतंच चालून आलं होतं. नुसतं गप्प राहायचं. अट मोडली, शिबिर बारगळलं, पोर घरात. ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. सिस्टरनं हात खिशातून रिकामाच बाहेर काढला.

"बसा दोघंही," भिंगरी म्हणाली. "वाट चुकल्यावर अंदाजानं पुढे जायचं नाही. पाणी प्या, पण जपून." तिनं गळ्यातली शिट्टी वाजवली, थांबून कान दिला, पुन्हा वाजवली. कुणाचीच साद आली नाही. तरी तिचा आवाज स्थिर होता. थिएटरात नव्या आलेल्या मुलींमध्ये सिस्टर नेमकं हेच शोधायची, आणि क्वचितच तिला सापडायचं.

भिंगरी येऊन आईला खेटून बसली. "तुझंच बरोबर होतं, आई. मी नाही जात शिबिराला. तुम्हा दोघांना धड परत नेता येईना मला."

इतके दिवस हेच तर ऐकायचं होतं! आणि ऐकलं तेव्हा सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं खिशातून घड्यांची चळत काढली आणि मुलीच्या मांडीवर ठेवली.

मास्तरला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तो पोट धरून हसत सुटला. "अगं सिस्टर, काखेत कळसा..."

"हसू नका!" ती ओरडली आणि स्वतःलाच हसू आवरेना.

भिंगरी मात्र हसली नाही. "सगळ्या काढल्यास?"

"सगळ्या. मी काही मागे ठेवते का कधी?" मग ओरबाडलेल्या बोटाकडे बघून ती थांबली. "हे बघ, इथली पट्टी काट्यांत होती."

काटेरी झुडूप एकाच वाटेच्या तोंडाशी होतं. काट्यात लाल दोरा लोंबत होता. सिस्टरच्या हातून एवढं मात्र मागे राहिलं होतं. तिनं तो तसाच राहू दिला.

पुढच्या प्रत्येक फाट्यावर कुठली पट्टी कुठून काढली ते सिस्टर सांगत गेली, भिंगरी वाट दाखवत गेली, आणि तंबू दिसला तेव्हा मास्तरनं त्याला लांबूनच नमस्कार घातला.

भिंगरी पट्ट्या बाबांना परत द्यायला निघाली, तर सिस्टरनं त्या तिच्याच पिशवीत कोंबल्या.

"शिबिराला लागतील. बांधत जा बिनधास्त," ती म्हणाली. पिशवीचा बंद उगाचच घट्ट करत राहिली. "तिथं त्या सोडवायला मी नसेन मागे."