खालून आलेला करंट

“चढ आता, स्वप्नाली. कुलूप लावलंय मी,” बाळासोकाका म्हणाले, आणि तरीही परत जाऊन लाइन बंद करणाऱ्या स्विचचं कुलूप ओढून बघून आले. माझे वडील, आण्णा, गेल्यापासून त्यांना ही खोड लागली आहे. एकदा ओढून त्यांचं कधी भागत नाही.

मी खांबावर चढले नाही. उंब्रजच्या वरच्या अंगाची ही लाइन लालासाहेबांच्या दूध शीतकेंद्रावर जाऊन संपते. फांदी पडून इन्सुलेटर फुटला होता, म्हणून लाइन बंद केली होती. तिकडे केंद्रावर जनरेटर धडधडत होता.

याच खांबावर सहा वर्षांपूर्वी आण्णा, म्हणजे ज्ञानू वायरमन, तारेला चिकटून मेले. तेव्हाही लाइन बंद होती. गावानं काय ठरवलं? प्यायला असंल! चहाशिवाय कशाला न शिवलेला माणूस! ज्यांना हे बोलायची लाज वाटली, ते म्हणाले, बाळासोनं स्विच पाडलाच नसंल. तेराव्याला लालासाहेब आले आणि झालं गेलं विसरा म्हणाले. आईनं त्यांना चहा दिला, आणि बाळासोकाकांना मात्र आजवर उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही. आठवलं की माझं डोकं फिरतं. अहो, नवरा गेला आणि दोष कुणाच्या गळ्यात मारला, तर कामावरच्या जोडीदाराच्या!

वडिलांच्या जागी मला घेतलं. आयटीआयमध्ये शिकले तेव्हापासून एक संशय डोक्यात होता. डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, वरून अकरा हजार व्होल्ट घातले की खाली चारशे येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. खालून जनरेटरनं चारशे घातले तर वर अकरा हजार जातात, हे कुणी ध्यानातच घेत नाही. एसी करंट सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतो, त्याला वरची बाजू काय आणि खालची काय! पण संशय घेऊन कुणाच्या दारात जायचं?

म्हणून आज साखळी आणली होती. चढण्याआधी ती तारांवर टाकायची आणि दुसरं टोक जमिनीत गाडायचं, म्हणजे लाइनीत काही असेल तर माणसाऐवजी मातीत जातं. आण्णांच्या वेळी ही साखळी ऑफिसात फक्त कागदावर होती. मी भांडून मिळवली.

काका म्हणाले, कशाला वेळ घालवतीस, लाइन मेलेली हाय. मी सळई ठोकली, टोक बांधलं आणि लांब काठीनं साखळी तारांवर टाकली.

फाडकन जाळ झाला. तिकडे केंद्रावरचा जनरेटर घरघरला आणि बंद पडला.

काका एकदा तारांकडे बघत होते, एकदा कुलपाकडे. पाचेक मिनिटांत लालासाहेब बुलेटवरून आले. रानातली चार माणसंही बांधावर गोळा झाली.

“जनरेटर कुणी पाडला रं? दूध तापतंय माझं.”

“मी पाडला,” मी म्हणाले. “हितनं. तुमच्या दारात पाय न ठेवता. चेंजओव्हर स्विच कुठाय तुमचा?”

लाइट आणि जनरेटर एकमेकांत मिसळू न देणारा तो स्विच. तो जळला म्हणून जनरेटर डायरेक जोडलाय, त्यात काय एवढं, सगळेच जोडतात, असं ते म्हणाले.

“कवा जळला?”

“झाली की सात-आठ वर्सं,” ते बोलून गेले.

बांधावरचं कुणी कुणाकडे बघेना. लालासाहेबांचा आवाज खाली आला.

“पोरी, साखळी काढ आधी. दूध नासंल.”

“नासू द्या. आमच्या हापिसातले साहेब येऊन सोत्ता बघत न्हाईत तवर साखळी निघणार न्हाई. माझा बा प्यालेला हुता म्हनं. आता ह्या समद्यांसमोर म्हणा तसं.”

लालासाहेब बुलेटवर बसून गेले.

बाळासोकाका खाली बसले. म्हणाले, “मी स्विच पाडला हुता गं.”

“पाडला हुता, काका. कुलूप बी लावलं हुतं.”

साहेबांना फोन करून आम्ही वाट बघत बांधावर बसलो. मध्येच काका सवयीनं उठले, स्विचपर्यंत गेले, कुलपाकडे हात नेला. मग हात तसाच मागे घेतला आणि टॉवेलनं तोंड पुसत माझ्याशेजारी येऊन बसले.