मागून घेतलेली जागा

जुन्या लुगड्याची पट्टी बादलीत बुडवून विमलताईने ती पिळली, नाकातोंडावर गच्च बांधली आणि पुन्हा रेच्यापुढे जाऊन उभी राहिली. शेडमध्ये एका रांगेत कापसातली सरकी काढणारे सगळे रेचे धडधडत होते. सरकी खाली पडत होती, रुई पुढे जात होती, आणि जे या दोन्हींत मोडत नाही ते सगळं तूस बायांच्या नाकात जात होतं.

शेजारच्या रेच्यावर रुखमाबाई होती. ती आजच पुन्हा पडवीतून इथे आली होती आणि पहिल्या तासातच वैतागली होती. या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावंच लागे.

“विमल, आज सोमवार हाये वो!”

“मंग?”

“मंग काय मंग? आमी बाहेरून आत आलो, आतल्या बाहेर गेल्या. तू अजून इथंच काहून?”

विमलताईला तेवढ्यात खोकला आला, त्यामुळे उत्तर द्यायचं राहून गेलं. 

घाटंजीच्या अलीकडच्या या जिनिंगमध्ये बायांना दोनच कामं. एक आत, रेच्यांवर कापूस सोडायचा. दुसरं बाहेरच्या पडवीत बसून कापसातला पालापाचोळा आणि कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचायची. पडवीत ऊन येतं, वारा येतो, सुनांच्या तक्रारी निवांत करता येतात. आतल्या बायांनी सोमवारी बाहेर यायचं आणि बाहेरच्यांनी आत जायचं, ही रीत जुनीच. पण बापूजी मुकादम होते तोवर ती नावालाच होती. ज्यांच्या घरचा हुरडा, बोरं आणि लिंबाचं लोणचं बापूजींना पोचे, त्या बाया हंगामभर पडवीत. रुखमाबाईचं लोणचं बापूजींना फार आवडे. विमलताईने त्यांना कधी बोटभर चव पाठवली नाही. तिची पाळी हुकली की ती सरळ बापूजींपुढे उभी राहून भांडायची, आणि तिच्या तोंडाला लागण्यापेक्षा बापूजी तिला पडवीत पाठवून मोकळे व्हायचे.

यंदा बापूजी थकले आणि पुसदला मुलाकडे राहायला गेले. तेव्हा मॅनेजर राजकुमारजींच्या कचेरीत जाऊन विमलताईनेच मुकादम म्हणून अपेक्षाचं नाव सुचवलं. अपेक्षा तिच्याच वस्तीतली, बी.ए. झालेली, घरी बसून कंटाळलेली. तिची आई आजारी असताना ही पोर विमलताईच्या चुलीपाशी जेवून मोठी झाली होती. विहारात पहिलं भाषण करायला ती घाबरली, तेव्हा तिचा हात धरून विमलताई थेट माइकपर्यंत गेली होती. राजकुमारजींनी बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी संक्रांतीपर्यंत ठेवून पाहू म्हणाले.

पहिल्या दिवशी अपेक्षाने सगळ्या बायांना जमवून सांगितलं, “आता इथं लोणचं चालणार नाही.” बाया खो खो हसल्या. दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. रुखमाबाईही हसली, पण जरा उशिरा. विमलताईला तर आपण केलेलं एखादं काम पहिल्यांदाच तडीस गेलंय असं वाटलं. त्याच दमात अपेक्षाने तिचं नाव रेच्यावर पुकारलं, त्याचंही तिला काही वाटलं नाही. कुणाला तरी सुरुवात करावीच लागते.

पुढच्या सोमवारी मात्र सगळ्या बदलल्या आणि ती तिथेच राहिली. पोरीची नजरचूक झाली असेल म्हणून तिने पाण्याच्या टाकीपाशी अपेक्षाला गाठलं.

“अप्पू, मायं नाव चुकून आत राह्यलं काय?”

“चुकून नाही मावशी.” अपेक्षाने इकडेतिकडे पाहिलं. “बाया बोलून राह्यल्या. हिची मावशी, हिच्या वस्तीतली, आता पाहा पडवी यांचीच म्हणून. थोडे दिवस काढा ना. दिसू द्या सगळ्याइले.”

“काय दिसू देऊ वो?”

“मी आपलं-परकं करत नाही ते.”

विमलताईला ते पटलं. पुढे त्या पटण्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. पण त्या दिवशी तिने मान डोलावली, पोरीच्या डोक्यावर अडकलेलं तूस काढलं आणि आत गेली.

त्यानंतर कितीतरी सोमवार आले आणि गेले. अपेक्षा नावं पुकारायची आणि विमलताईचं नाव आलं की मोबाइलमध्ये बघायची. बायांची कुजबुज खरोखरच थांबली. पोरगी न्यायाची आहे, सख्ख्या मावशीवाणी असलेल्या बाईलाही सोडलं नाही तिने, असं पडवीत कौतुक चाले. ते कौतुक रात्री विमलताईच्या छातीत घरघर करे. उताणं झोपलं की दम लागे म्हणून ती भिंतीला टेकून बसायची. बापूजींशी भांडणारी आपली जीभ या पोरीपुढे कुठे गेली, हे तिचं तिलाच उमगत नव्हतं.

आज दुपारच्या सुट्टीत रुखमाबाई डबा न उघडताच कचेरीत जाऊन आली. विमलताईची कणव होती, की पडवी सुटल्याची आग होती, ते तिलाच ठाऊक. सुट्टी संपायच्या आत राजकुमारजींनी विमलताईला बोलावून घेतलं.

“बसा विमलबाई.” त्यांनी स्वतः खुर्ची पुढे सरकवली, तेव्हाच तिने ओळखलं की गोष्ट साधी नाही. “रुखमाबाई म्हणते, तुमची पाळी बदलतच नाही. सच आहे का?”

विमलताई खुर्चीच्या कडेवर टेकली.

“संक्रांत आली आता. पोरीला कायम करायचं की सुट्टी द्यायची, ते मला ठरवायचंय. पार्शलिटी मला नको. बापूजीचं झालं तेवढं बस झालं. तुम्ही आणलं तिला, तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल ते मी मानणार.”

खिडकीतून कापसाची गंजी दिसत होती. गंजीच्या पायथ्याशी अपेक्षा उभी होती. हातात मोबाइल होता, पण ती त्यात पाहत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. माइकपाशी नेलं तेव्हाही ही पोर असंच करत होती. विमलताईचा जीव कळवळला.

“तसं काई नाई साहेब,” ती म्हणाली. “ते जागा म्याच मांगून घेतली.”

“रेच्याची? रेच्याची जागा कोणी मागतं का?”

“पडवीत बसून बसून गुडघे धरतात माये. उभ्यानं बरं वाटते मले.”

खोकला गळ्याशी आला होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिने तो आतल्या आत दाबला. राजकुमारजी खुर्चीत मागे रेलले.

“ठीक आहे. मग पोरगी चांगली आहे म्हणायची. कायम करतो तिला.”

ती बाहेर आली तशी अपेक्षा जवळजवळ धावतच आली.

“काय विचारलं मावशी?”

“पाळीचं विचारलं. सांगतलं, मीच मांगून घेतली जागा मनून. कायम करून राह्यले तुले.”

अपेक्षाने डोळे मिटून श्वास सोडला आणि विमलताईचा हात दोन्ही हातांत धरला. विमलताईने पडवीकडे पाहिलं. खांबापाशी एक बारदान अंथरलेलं होतं, त्यावर ऊन आलं होतं आणि तिथे कोणी बसलेलं नव्हतं. आता ही म्हणेल, जा मावशी, बसा तिथं. तिने न म्हणताच विमलताईला ते ऐकू आल्यासारखं वाटलं.

“मले माहीतच होतं,” अपेक्षा म्हणाली. “म्हणून तर तुमालेच ठेवलं मी तिथं.”

“काय माहीत होतं?”

“तुम्ही बोलणार नाही ते. रेच्यावर एक बाई कमीच पडते मावशी, कोणालेतरी कायमचं आत ठेवावंच लागते. दुसरी कोणी असती तर पह्यल्याच आठवड्यात बोंबलली असती. रुखमाबाईचं पाह्यलं ना? एका आठवड्याची पाळी आली तर लगेच कचेरीत गेली.”

विमलताईने तिच्याकडे नीट पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. अवघड गणित सुटल्यावर सांगावं तसं ती सांगत होती, आणि मावशीलाही आनंद होईल असं तिला मनापासून वाटत होतं.

“मंग ते आपलं-परकं?”

“ते तर होतंच ना. दोन्ही गोष्टी जमल्या.”

“आन् आता?”

“आता तर बदलताच येत नाही.” अपेक्षा हसली. “तुम्हीच साहेबाले सांगितलं, मागून घेतली म्हणून. उद्या तुमाले पडवीत बसवलं तर मी खोटी पडीन. हंगाम उतरेपर्यंत काढा बस. मी आहेच की मग.”

आत रेचे पुन्हा सुरू झाले. बाया पदर खोचत एकेक करून शेडमध्ये शिरत होत्या. विमलताईला बापूजींची आठवण आली. तो माणूस लबाड होता, पण त्याला काय पाहिजे ते उघड होतं, आणि त्याने कधी तिला मावशी म्हटलं नव्हतं. इतके दिवस धूळ खाल्ली, तेव्हा आपण पोरीसाठी सोसतोय असं तिला वाटत होतं. तिने सोसावं म्हणून नव्हे, ती सोसते हे ठाऊक होतं म्हणून तिला तिथे उभं केलं होतं. कोणत्या बाईच्या तोंडाला कुलूप आहे ते पाहून जागा वाटली होती, आणि ते कुलूप तिने स्वतःच, जेवू घालून घालून, त्या पोरीच्या हातात दिलं होतं. तिला रडू आलं नाही. तिला भयंकर राग आला.

तिने अपेक्षाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि कचेरीच्या पायऱ्या चढू लागली.

“मावशी, शेड तिकडे आहे. कुठी चालल्या?”

विमलताईने मागे पाहिलं नाही. राजकुमारजी फोनवर बोलत होते. तिला पाहून त्यांनी फोन खाली ठेवला.

“काही राहिलं का विमलबाई?”

“हो. राह्यलं.”

ती खुर्चीवर बसली. पायऱ्यांवर घाईघाईने पावलं वाजली आणि अपेक्षा दारात येऊन थांबली. तिचा चेहरा पाहून राजकुमारजींनी विमलताईला दार लावून घ्यायची खूण केली.

“राहू द्या साहेब उघडं,” विमलताई म्हणाली. “तिलेई आयकू द्या. ते जागा म्या मांगतली नोहोती.”